जहाजातील केबिनचा आराखडा कसा वाचावा : पलंग कुठे आणि उसे कोणीकडे

उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आई पलंगावरून डाव्या अंगानेच उतरते. आमच्या पहिल्या समुद्रप्रवासाच्या वेळी एजंटाने पाठवलेल्या छायाचित्रात पलंगाची ती बाजू न्हाणीघराकडे दिसत होती, म्हणून आम्ही निर्धास्तपणे पैसे भरले. प्रत्यक्षात मिळालेली केबिन छायाचित्रातल्या केबिनच्या शेजारची निघाली आणि तिची रचना आरशात पाहावी तशी उलटी होती. आईचे डावे अंग खिडकीच्या भिंतीकडे गेले आणि रात्री उठल्यावर तिला पायथ्याच्या अरुंद जागेतून वळसा घालून न्हाणीघर गाठावे लागले. कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरांचे आराखडे काढणे हा माझा व्यवसाय आहे. पलंग कोणत्या भिंतीला लागणार हे ठरल्याशिवाय मी दिव्याचे बटणही भिंतीवर दाखवत नाही. तीच शिस्त जहाजाच्या बाबतीत पाळली असती, तर आईचे ते हाल टळले असते. पुढची सगळी पद्धत त्या प्रवासानंतर मी बसवली असून पैसे भरण्यापूर्वी तासाभरात ती कोणालाही करता येते.

आधी झोपणाऱ्याची गरज ठरवावी

आराखडा उघडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या झोपण्याच्या सवयी कागदावर लिहून काढाव्यात. कोण कोणत्या अंगाने उठतो, रात्री किती वेळा उठावे लागते, दोघांना एकत्र पलंग हवा की वेगळे, समुद्र लागण्याचा त्रास कोणाला आहे, आणि उसे कोणत्या दिशेला असावे याबद्दल कोणाचा आग्रह आहे, एवढे पुरते. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहिला आहे. उत्तरेकडे डोके करून झोपायचे नाही ही आपल्याकडच्या बहुतेक घरांत पाळली जाणारी गोष्ट आहे, आणि घरातील वडीलधारे माणूस त्या एका कारणाने रात्रभर अस्वस्थ राहणार असेल, तर त्याची सोय आधीच पाहणे हा प्रवासाच्या तयारीचाच भाग आहे.

लांबीत झोपणे आणि आडवे झोपणे

जहाजातील पलंग दोनच प्रकारे मांडलेला असतो. एकात झोपणाऱ्याचे शरीर जहाजाच्या लांबीला समांतर असते, म्हणजे डोके जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे येते. दुसऱ्यात शरीर जहाजाच्या रुंदीत आडवे असते, म्हणजे डोके समुद्राकडे किंवा आतल्या कॉरिडॉरकडे येते. हा फरक समजून घ्यायला कोल्हापूरकरांना समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचा मुंबई प्रवास केलेल्या प्रत्येकाने तो अंगावर अनुभवलेला आहे. स्लीपर डब्यात समोरासमोरचे सहा बर्थ गाडीला आडवे असतात आणि मार्गिकेपलीकडचे साइड बर्थ गाडीच्या लांबीत असतात. डबा डावीउजवीकडे डुलतो तेव्हा आडव्या बर्थवरच्या माणसाला डोक्याकडून पायाकडे हेलकावा बसतो, तर साइड बर्थवरचा माणूस त्याच डुलण्याने या कुशीवरून त्या कुशीवर लोटला जातो.

जहाजातही असेच होते, मात्र तेथील गती कितीतरी संथ असते. जहाज लांब आणि त्या मानाने अरुंद असल्यामुळे बाजूने लाट आली की ते डावीउजवीकडे झुकते, आणि समोरून लाट आली की त्याचे पुढचे टोक वर जाऊन खाली येते. आधुनिक प्रवासी जहाजांना पाण्याखाली पंखासारखी स्थैर्यपत्रे बसवलेली असतात. ती डावीउजवीकडचे झुकणे बरेच कमी करतात. पुढची-मागची टोके वरखाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा उपाय चालत नाही. लांबीतल्या पलंगावर झुकण्याने माणूस कुशीवर वळतो आणि टोके वरखाली झाली की डोके व पाय आळीपाळीने उचलले जातात. आडव्या पलंगावर हे दोन्ही परिणाम एकमेकांच्या जागी येतात. कोणाला काय सोसते हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मला कुशीवर झुलणे चालते, डोके खाली जाणे चालत नाही. वडिलांचे नेमके उलटे आहे. त्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वीच्या एखाद्या मुंबई फेरीत दोन्ही प्रकारच्या बर्थवर झोपून पाहावे, असे मी मनापासून सुचवते.

समुद्र लागणाऱ्यांनी एक क्रम मात्र लक्षात ठेवावा. पलंगाच्या दिशेपेक्षा केबिनची जागा अधिक महत्त्वाची आहे. जहाजाच्या लांबीच्या मध्याजवळ आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते, तर अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या डेकवर ती सर्वांत जास्त जाणवते. मनासारखा पलंग आहे म्हणून पुढच्या टोकाची वरची केबिन घेणे हा चुकीचा सौदा ठरतो.

आराखड्यावर केबिन शोधणे

जहाज कंपन्या प्रत्येक जहाजाचा डेकनिहाय आराखडा प्रसिद्ध करतात. तो आपल्या प्रवासाच्या तारखेचा आहे याची आधी खात्री करावी, कारण जहाजे नव्याने सजवली जातात, कधी मालकी बदलते, नाव बदलते आणि जुने आराखडे तसेच फिरत राहतात. मुंबईहून २०२१ पासून प्रवासी नेणाऱ्या कॉर्डेलिया या कंपनीच्या एम्प्रेस या जहाजाचेच उदाहरण पाहावे. सुमारे २१० मीटर लांबीचे हे जहाज १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस या नावाने सेवेत आले आणि मुंबईला येण्यापूर्वी एम्प्रेस ऑफ द सीज या नावानेही चालले. त्यामुळे जुन्या नावाने शोधले तर जुन्या मांडणीचे आराखडे आणि छायाचित्रे हाती लागतात. जुन्या छायाचित्रावरून भिंती आणि न्हाणीघराची जागा पडताळून पाहता येईल, पण पलंग, कपाट आणि सोफा यांच्यासाठी आजचेच छायाचित्र धरावे.

आराखडा छापून घ्यावा आणि प्रथम त्यावर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, ओळखून तेथे बाण काढावा. काही आराखड्यांत नाळ वर असते, काहींत डावीकडे तर काहींत उजवीकडे, आणि निम्म्याहून अधिक घोटाळे येथेच सुरू होतात. त्यानंतर नाळेकडे तोंड करून उभे आहोत असे समजून डावे अंग आणि उजवे अंग लिहावे. जहाजावर डाव्या अंगाला पोर्ट आणि उजव्याला स्टारबोर्ड म्हणतात, आणि आपण कोणीकडेही तोंड करून उभे राहिलो तरी ही अंगे बदलत नाहीत. जोडीतला डावा बैल गाडीच्या पुढून पाहणाऱ्याला उजवीकडे दिसला, तरी गाडीवानासाठी तो डावाच असतो, तसे हे आहे.

केबिनच्या क्रमांकातील पहिला आकडा, किंवा उंच जहाजावर पहिले दोन आकडे, बहुतेक वेळा डेकचा क्रमांक सांगतात. पुष्कळ जहाजांवर सम क्रमांक एका अंगाला आणि विषम दुसऱ्या अंगाला असतात, पण कोणते अंग सम हे कंपनीनुसार बदलते, म्हणून क्रमांकावरून अंदाज न बांधता आराखड्यावर बोट ठेवून पाहावे. केबिनच्या चौकोनात त्रिकोण, वर्तुळ, तारा अशा खुणा असतात. त्यांचा अर्थ त्याच आराखड्याच्या सूचीत पाहावा, कारण एका कंपनीचा त्रिकोण म्हणजे तिसरा बर्थ असेल तर दुसरीचा काही वेगळाच असू शकतो. दोन केबिनमधले आतले दार, भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे वरचे बर्थ, चाकाच्या खुर्चीसाठी केलेली केबिन आणि खिडकीसमोर येणारी जीवरक्षक होडी, या चार गोष्टी शोधाव्यात. त्या पलंगाच्या मांडणीवरही परिणाम करतात.

पलंग कोणत्या भिंतीला

आता केबिनचा आकार पाहावा. जहाजाच्या बाजूला असलेली नेहमीची केबिन चाळीतल्या खोलीसारखी अरुंद आणि खोल असते: कॉरिडॉरकडे दार, दाराशेजारी न्हाणीघर आणि कपाट, मग पलंग व सोफा, आणि शेवटी खिडकी किंवा बाल्कनी. या खोलीची लांबी जहाजाच्या रुंदीत जाते. पलंगाचे उसे शेजारच्या केबिनबरोबरच्या सामाईक भिंतीला असेल, तर झोपणारा जहाजाच्या लांबीत झोपतो. उसे खिडकीखाली किंवा दाराकडच्या भिंतीला असेल, तर तो आडवा झोपतो. जहाजाच्या अगदी मागे, पाण्याच्या फेसाळ पट्ट्याकडे उघडणाऱ्या केबिन याच्या उलट असतात. त्यांची लांबी जहाजाच्या लांबीतच असते, त्यामुळे तेथे उसे बाजूच्या भिंतीला असले की झोपणारा आडवा येतो. नाळेकडे समोर पाहणाऱ्या केबिनलाही हाच नियम लागू पडतो. कोपऱ्यावरच्या केबिनच्या भिंती तिरप्या असू शकतात, म्हणून तेथे छायाचित्राशिवाय काहीही गृहीत धरू नये.

शेजारच्या केबिन आरशातल्यासारख्या उलट्या का असतात, हे कळले की पुढचे सोपे जाते. आपल्याकडच्या अपार्टमेंटमध्ये दोन शेजारच्या घरांची न्हाणीघरे पाठीला पाठ लावून घेतो, म्हणजे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ एकाच पोकळीतून खाली नेता येतात. जहाजातही तेच केलेले असते, आणि पुष्कळ जहाजांत तर संपूर्ण न्हाणीघर कारखान्यात तयार करून पेटीसारखे आणून बसवतात. परिणामी एका केबिनमध्ये शिरताना न्हाणीघर उजवीकडे असेल तर शेजारच्या केबिनमध्ये ते डावीकडे येते, आणि त्याबरोबर पलंगाचे उसेही समोरच्या भिंतीला जाते. मोठ्या आराखड्यावर दारांच्या जोड्या जवळजवळ दिसतात, त्यावरून ही उलटी रचना ओळखता येते.

काही जहाजांवर आणखी एक अदलाबदल असते: एका केबिनमध्ये पलंग बाल्कनीशी आणि सोफा आत, तर शेजारी पलंग आत, कपाटापाशी, आणि सोफा बाल्कनीशी. अशा ठिकाणी दोन केबिनमधली भिंत कधी कधी सरळ न जाता मध्ये वळलेली दाखवतात, आणि खोलीचा रुंद भाग जिथे येतो तिथे बहुधा पलंग असतो. रात्री उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी आतला पलंग पसंत करते, कारण न्हाणीघर दोन पावलांवर येते आणि पहाटे बाल्कनीत जाणाऱ्याला त्यांच्या पायथ्यावरून जावे लागत नाही.

एका छायाचित्रावरून दोन उत्तरे

या लेखातील सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. दारात उभे राहून आत, समुद्राच्या दिशेने पाहत काढलेले छायाचित्र घ्यावे. आतून दाराकडे पाहत काढलेले असेल तर त्यातील डावे-उजवे उलट धरावे.

पहिले उत्तर उठण्याच्या बाजूचे आहे. दारातून पाहताना पलंगाचे उसे उजव्या भिंतीला असेल, तर उताण्या झोपलेल्या माणसाचा डावा हात दाराकडे, म्हणजे न्हाणीघराकडे येतो. उसे डाव्या भिंतीला असेल, तर उजवा हात दाराकडे येतो. केबिन जहाजाच्या कोणत्याही अंगाला असली तरी यात बदल होत नाही. आईसाठी मी आता उसे उजव्या भिंतीला असलेलीच केबिन शोधते.

दुसरे उत्तर उशाच्या दिशेचे आहे, आणि त्यासाठी अंग माहीत असावे लागते. डाव्या अंगाच्या, म्हणजे पोर्टच्या केबिनमध्ये दारातून समुद्राकडे पाहताना नाळ आपल्या उजव्या हाताला असते. स्टारबोर्डच्या केबिनमध्ये ती डाव्या हाताला असते. म्हणजे पोर्टला उजव्या भिंतीचे उसे नाळेकडे आणि डाव्या भिंतीचे पिछाडीकडे, तर स्टारबोर्डला याच्या बरोबर उलट. विश्वास बसत नसेल तर घरातल्या पॅसेजला कॉरिडॉर समजून एका टोकाला नाळ लिहिलेला कागद चिकटवावा आणि एकेका खोलीच्या दारात उभे राहून पाहावे. लहान मुलांनाही हे चटकन कळते.

छायाचित्र नेमक्या आपल्या क्रमांकाचे मिळाले नाही, तरी कोणत्या क्रमांकाचे आहे हे मात्र विचारून घ्यावे. त्या केबिनचे न्हाणीघर आणि उसे यांचा संबंध कळला, म्हणजे दोन्ही एकाच भिंतीला आहेत की समोरासमोर आहेत हे समजले, की त्याच प्रकारच्या इतर केबिनना तो लावता येतो: आराखड्यावर आपल्या केबिनचे न्हाणीघर कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे आणि उसे त्यावरून ठरवायचे. क्रमांक नसलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. तसेच क्रमांक नंतर कळवण्याच्या अटीवर मिळणारी स्वस्त केबिन घेतली, तर यातले काहीच आपल्या हातात राहत नाही; पलंगाची दिशा ज्यांना महत्त्वाची आहे त्यांनी ती सवलत सोडून द्यावी.

उत्तरेकडे उसे नको असेल तर

महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात शिरताना आपले तोंड पूर्वेला असते, कारण देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि म्हणूनच किरणोत्सवात मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. देऊळ जागेवर असते, त्यामुळे एकदा दिशा कळली की ती कायमची कळते. जहाजाचे तसे नाही. ज्या पलंगाचे उसे जाताना दक्षिणेला असते तेच परतताना उत्तरेला येते.

मुंबई ते गोवा हा प्रवास किनाऱ्याला धरून साधारण दक्षिणेकडे होतो. जाताना नाळ दक्षिणेला, पोर्ट पूर्वेला म्हणजे कोकण किनाऱ्याच्या बाजूला, आणि स्टारबोर्ड पश्चिमेला म्हणजे खुल्या समुद्राकडे असते. नाळेकडे उसे असलेला माणूस जाताना दक्षिणेकडे डोके करून झोपतो, आणि परतीच्या रात्री तोच उत्तरेकडे डोके करून झोपतो. पिछाडीकडे उसे असेल तर जातानाची रात्र अडचणीची. म्हणजे लांबीतल्या पलंगावर एक बाजू कधीतरी नको त्या दिशेला येणारच. आडव्या पलंगावर मात्र डोके जाता-येता पूर्वेला किंवा पश्चिमेलाच राहते. म्हणून ज्या घरांत हा नियम कटाक्षाने पाळला जातो, त्यांनी या मार्गावर आडवा पलंग, म्हणजे उसे खिडकीखाली असलेली किंवा मागच्या टोकाची केबिन शोधावी. ती न मिळाल्यास ज्या रात्री उसे उत्तरेला येत असेल त्या रात्री उशा पायथ्याला घेऊन झोपणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी पायथ्याच्या बाजूला दिवा नसतो, म्हणून एक लहान टॉर्च जवळ ठेवावी.

जहाजावर दिशा पाहण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र वापरू नये. सभोवताली सगळे पोलाद असल्यामुळे त्याची सुई भरकटते. केबिनमधील दूरचित्रवाणीवर जहाजाचा मार्ग दाखवणारी वाहिनी असेल तर ती पाहावी, नाहीतर सूर्य आहेच. सूर्यास्त बाल्कनीतून हवा असेल, तर गोव्याला जाताना स्टारबोर्ड आणि परतताना पोर्ट, हेही याच हिशेबातून निघते.

खडूने जमिनीवर आखून पाहणे

चौरस फुटांचा आकडा फसवा असतो, कारण काही ठिकाणी त्यात बाल्कनी धरलेली असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, या हिशेबाने १७ चौरस मीटरची केबिन १८३ चौरस फुटांची होते. पण क्षेत्रफळापेक्षा रुंदी विचारावी. समजा केबिनची आतली रुंदी २.६ मीटर आहे आणि उसे बाजूच्या भिंतीला लावलेला पलंग २ मीटर लांब आहे, तर पायथ्याशी ६० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट वाट उरते, आणि तेथे समोरच्या भिंतीला टेबल असेल तर तीही उरत नाही. हॉलमधील सोफे सरकवून खडूने ही मापे फरशीवर आखावीत, पलंगाच्या जागी सतरंजी अंथरावी आणि घरातील ज्येष्ठांना काठी घेऊन त्या वाटेने चालायला सांगावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना एवढी वाट पुरणार नाही हे तेथेच दिसते. त्यांनी खास त्यांच्यासाठी केलेली केबिनच मागावी, कारण तिच्यात पलंगाभोवती खुर्ची फिरण्याइतकी जागा आणि न्हाणीघराला उंबरठ्याविना दार ठेवलेले असते.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे ते

बहुतेक केबिनमध्ये दोन स्वतंत्र पलंग असतात आणि ते जोडून मोठा पलंग करता येतो. वेगळे केल्यावर ते त्याच दिशेत थोडे लांब सरकतात, की एकेक पलंग बाजूच्या भिंतीलगत वळवला जातो, हे विचारले पाहिजे, कारण वळवला तर लांबीत झोपणारा आडवा होतो आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. उशाची फळी, दिवे आणि वीजजोडणी भिंतीला पक्की असल्यामुळे जोडलेला पलंग आपल्या इच्छेने दुसऱ्या भिंतीला लावून मिळत नाही. वरचा बर्थ खालच्या पलंगावर नेमका कुठे उतरतो आणि त्याची शिडी कोणत्या बाजूला लागते, हेही मुले बरोबर असतील तर विचारावे.

विचारणा लेखी करावी आणि वाक्य नेमके असावे: “या क्रमांकाच्या केबिनमध्ये दारातून आत पाहताना पलंगाचे उसे डाव्या भिंतीला आहे, उजव्या भिंतीला आहे, की खिडकीखाली आहे?” पलंग कोणत्या दिशेला आहे असे मोघम विचारले तर मोघमच उत्तर येते. उत्तर आले की ते आराखड्याशी ताडून पाहावे आणि क्रमांक पक्का झाल्यावरच रक्कम द्यावी.

मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून जहाजात चढल्यावर सामान उघडण्याआधी एकदा दारात उभे राहून उसे, न्हाणीघर आणि पायथ्याची वाट पाहून घ्यावी. पलंग जोडायचे किंवा वेगळे करायचे असतील तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला दुपारीच सांगावे, कारण रात्री सगळ्याच केबिनची मागणी एकदम येते. मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्यात, पायथ्याच्या वाटेत काहीही ठेवू नये, आणि दिवे मालवण्यापूर्वी ज्येष्ठांना पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा हात धरून चालवून आणावे.